साखळी साक्ष देते, कागद आपणच सांभाळायचा

(गंगाखेड येथे युवक-युवतींसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला दिलेला विषय फार मोठ्या नावाचा आहे. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या ॲपसाठी विकेंद्रित डेटा साठवण. निमंत्रण आलं तेव्हा घरी विचारणा झाली, "गंगाखेडात हे कोण ऐकणार?" मी म्हटलं, गंगाखेडातच ऐकायला हवं. हा विषय कागद सांभाळण्याचा आहे, आणि कागद नसला की काय होतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

म्हणून सुरुवात कॉम्प्युटरपासून करत नाही, पेटीपासून करतो. आपल्या प्रत्येकाच्या घरी एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात दादांचा एखादा उर्दू कागद, अब्बांची टी.सी., जुनं रेशन कार्ड, निकाहनामा, घरपट्टीच्या पावत्या. घरात पाणी शिरलं की दादी आधी ती पेटी माळ्यावर ठेवायला सांगते, मग बाकीचं सामान.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. तो पिंजारी समाजाचा. इंजिनिअरिंगला नंबर लागला, ओबीसीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख महत्त्वाची आहे. त्या तारखेच्या आधीपासून आपलं कुटुंब या राज्यात राहतं हे दाखवावं लागतं, आणि जातीची नोंद असलेला पुरावाही जोडावा लागतो. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. मित्र शाळेत गेला. रजिस्टर होतं, पण नेमकं त्या वर्षाचं पान वाळवीने खाल्लेलं. घरच्या पेटीत एक जुना उतारा होता, तो पुराच्या पाण्यात भिजून लगदा झालेला. शेवटी चुलतभावाच्या मोबाइलमध्ये त्याच उताऱ्याचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सापडला. टेबलामागच्या बाबूने फोटो पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, हा फोटो खरा कशावरून? मूळ कागद आणा."

बाबूवर रागावू नका. त्याचा प्रश्न बरोबर होता. त्या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, कागद टिकला का? दुसरा, टिकलेला कागद तोच आहे, कुणी बदललेला नाही, हे कसं कळणार? आजचं सगळं भाषण या दोन प्रश्नांवर आहे. ब्लॉकचेनच्या नावाखाली लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि तिथेच फसतात.

आधी आपल्या मराठवाड्याकडे पाहू. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. परभणी जिल्ह्याचे जुने सरकारी कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, काही मोडीत. इनामांचे मुंतखब, गावांच्या नोंदी, जनगणनेचे तक्ते. संस्थान गेलं, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला. काही कागद इकडे आले, काही हैदराबादेतच राहिले. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी. निजामकाळातल्या नोंदींसाठी समितीला हैदराबादलाही जावं लागलं. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयानंतर तर 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द आपल्या चहाच्या टपरीवर पोहोचला. आरक्षणाच्या वादात आज मी जात नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की लाखो लोकांच्या भवितव्याचा कागद दूरच्या एका शहरात, एका दप्तरात, आपल्या मुलांना वाचता न येणाऱ्या लिपीत पडून राहू शकतो. सगळं एका जागी ठेवण्याचा हा धोका आहे. ती जागा दूर गेली, जळाली, किंवा तिचं दार बंद झालं, की आपण बाहेर.

आता ब्लॉकचेन म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. एक वही समजा. तिच्यात नोंदी करत जायच्या. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते, त्यामुळे मधलं पान कुणी बदललं तर पुढच्या सगळ्या खुणा चुकतात. आणि या वहीच्या हुबेहूब प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर असतात. एकाने आपल्या प्रतीत खाडाखोड केली तर बाकीचे ती मान्य करत नाहीत. बिटकॉइनची अशी वही 3 जानेवारी 2009 पासून चालू आहे. इथेरियमची 30 जुलै 2015 पासून.

हे फक्त परदेशातलं नाही. 2021 मध्ये महाराष्ट्राच्या कौशल्य विकास मंडळाने आपली प्रमाणपत्रं इथेरियमशी जोडायला सुरुवात केली. 2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत, म्हणजे राज्याच्या अगदी टोकाच्या आदिवासी भागात, प्रशासनाने सुमारे 65,000 जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडण्याचं काम हाती घेतलं. दोन्ही ठिकाणी लेजिटडॉक नावाच्या स्टार्टअपची मदत होती. हेतू चांगला होता. बनावट दाखला चटकन ओळखता यावा, आणि खऱ्या दाखलेवाल्याला पडताळणीसाठी खेटे घालावे लागू नयेत.

ही बातमी वाचून अनेकांना वाटलं, चला, आता दाखला ब्लॉकचेनवर गेला, म्हणजे कायमचा सुरक्षित झाला. इथेच थांबा. ब्लॉकचेनवर सहसा दाखला ठेवत नाहीत, दाखल्याचा ठसा ठेवतात.

का, ते एका हिशेबाने सांगतो. इथेरियमवर प्रत्येक कामाची किंमत 'गॅस' नावाच्या मापात मोजतात. तिथल्या कायम साठवणीत 32 बाइटचा एक नवा कप्पा भरायला किमान 20,000 गॅस लागतो. मोबाइलवर काढलेल्या कागदाचा फोटो साधारण एक मेगाबाइटचा धरा. त्याचे 32,768 कप्पे होतात. गुणाकार करा, साडेपासष्ट कोटी गॅस. 2021 ते 2024 या काळात इथेरियमच्या एका ब्लॉकची मर्यादा होती तीन कोटी. म्हणजे तुमच्या एका फोटोसाठी बावीस ब्लॉक पूर्ण भरले असते, आणि चार मिनिटांहून जास्त वेळ जगातल्या दुसऱ्या कुणाचाही व्यवहार नोंदला गेला नसता. फोटो साठवण्यासाठी ही वही बनलेलीच नाही. हजारो लोक ज्या वहीची प्रत ठेवतात, तिच्यात कमीत कमी लिहावं लागतं.

म्हणून वहीत फक्त ठसा लिहितात. त्याला हॅश म्हणतात. कुठलीही फाइल घ्या, एका पानाची किंवा हजार पानांची. एसएचए-256 नावाचं गणित तिच्यावर चालवलं की 64 अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. तीच फाइल, तर तीच ओळ, आज काढा की वीस वर्षांनी. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पार बदलते. आणि अंगठ्याच्या ठशावरून जसा माणूस तयार करता येत नाही, तशी या ओळीवरून फाइल परत तयार करता येत नाही.

आता माझ्या मित्राच्या फोटोकडे परत या. समजा उतारा काढला त्याच दिवशी स्कॅन करून त्याचा ठसा सार्वजनिक वहीत नोंदवला असता, तर आज सांगता आलं असतं, "ही फाइल त्या तारखेला होती आणि तेव्हापासून एका बिंदूनेही बदललेली नाही." पण चुलतभावाकडचा फोटो तिथे चालला नसता. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं. डोळ्याला तोच दिसतो, पण फाइल वेगळी झालेली असते, ठसा जुळत नाही. तीच फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. हे आज घरी जाऊन करून पाहा. आजच्या भाषणातलं एवढं एक लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे.

तर दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे "तोच कागद कशावरून", उत्तर ब्लॉकचेन देतं. पहिल्याचं देत नाही. ठसा वहीत हजार वर्षं राहिला आणि फाइलच हरवली, तर हातात काय उरलं? अंगठ्याचा ठसा आहे, माणूस नाही.

याचं जगातलं उदाहरण पाहा. नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स ही क्रिप्टोची मोठी कंपनी बुडाली. तिच्या बाजारात बनलेले एनएफटी लोकांनी पैसे देऊन घेतले होते. ब्लॉकचेनवरची मालकीची नोंद जागेवर होती, पण चित्र मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होतं आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता. कंपनी गेली, पत्ता दिवाळखोरीच्या वेबसाइटवर जाऊ लागला, आणि चित्रांच्या जागी रिकामी चौकट आली. सातबारा हातात आहे, पण शेत सापडत नाही, तसं झालं.

म्हणून तुम्हाला कुणीही सांगितलं, "आमचं ॲप ब्लॉकचेनवर आहे," तर पहिला प्रश्न विचारा, "फाइल कुठे आहे?" आणि दुसरा विचारा, "उद्या तुमची कंपनी बंद पडली तर क्यूआर कोड स्कॅन केल्यावर काय उघडेल?" सरकारी योजना असो की खासगी, हे दोन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

यावर उपाय म्हणून विकेंद्रित साठवण आली. तिचं सगळ्यात माहितीतलं नाव आयपीएफएस. हुआन बेनेट यांनी मांडलेली ही पद्धत 2015 पासून वापरात आहे. तिची मूळ कल्पना गमतीची आहे. आपलं नेहमीचं इंटरनेट जागेवरून वस्तू शोधतं. "बसस्टँडसमोरच्या दुकानातलं तिसऱ्या फळीवरचं पुस्तक आणा." दुकान हललं, की पुस्तक मिळत नाही. किंवा दुकानदाराने फळीवर दुसरंच पुस्तक ठेवलं, तर तेच हातात येतं. आयपीएफएस म्हणतं, जागा सांगू नका, पुस्तकाचा ठसा सांगा. तो ठसा असलेलं पुस्तक ज्याच्याकडे असेल तो देईल, मग तो परभणीत असो की पॅरिसमध्ये. आणि मिळालेलं पुस्तक खरं की खोटं हे तुम्ही ठसा जुळवून स्वतःच तपासू शकता. देणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

ब्लॉकचेनशी तिचा मेळ असा बसतो की वहीत फक्त हा ठशाचा पत्ता लिहायचा आणि फाइल आयपीएफएसवर ठेवायची. पण इथेही एक मोठा गैरसमज आहे. "आयपीएफएसवर टाकलं म्हणजे कायमचं राहिलं." नाही राहत. फाइल तोवरच मिळते, जोवर कुणाच्या तरी चालू कॉम्प्युटरवर ती जपून ठेवलेली आहे. जपून ठेवण्याला 'पिन करणं' म्हणतात. ज्यांनी नुसती पाहिली, त्यांच्या कॉम्प्युटरवरून ती काही काळाने साफ होते. कुणीच पिन केली नाही, तर पत्ता राहतो आणि फाइल जाते. म्हणजे फिरून तिथेच, कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

ती जबाबदारी पैसे देऊन घ्यायला लावण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. फाइलकॉइन 15 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं. तिथे साठवण करणारा अनामत रक्कम ठेवतो आणि 'फाइल माझ्याकडे अजून आहे' याचा गणिती पुरावा दर 24 तासांनी देतो. पुरावा चुकला की दंड. अरवीव्ह 2018 मध्ये आलं. तिथे एकदाच पैसे भरायचे, ते निधीत जातात आणि त्या निधीतून किमान 200 वर्षं साठवण चालेल असा त्यांचा हिशेब आहे. हिशेब आहे, अनुभव नाही, कारण 200 वर्षं अजून कुणी पाहिलेली नाहीत. स्टॉर्ज नावाची पद्धत फाइलचे 80 तुकडे करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवते, आणि त्यातले कुठलेही 29 मिळाले तरी पूर्ण फाइल परत उभी राहते. 51 ठिकाणं बुडाली तरी हरकत नाही.

हे सगळं नवं वाटतं, पण कल्पना आपल्या मातीतली आहे. हे गंगाखेड संत जनाबाईंचं गाव. त्यांचे अभंग कुठल्या राजाच्या तिजोरीत राहिले नाहीत. ते वारकऱ्यांच्या तोंडी, कीर्तनकारांच्या बाडांत, जात्यावरच्या बायकांच्या गळ्यात राहिले, म्हणून सातशे वर्षं टिकले. पण अनेक तोंडांतून आल्यामुळे पाठभेदही झाले. म्हणजे प्रती पुष्कळ असल्या की वस्तू टिकते. प्रत्येक शब्द तोच राहील, याची खात्री त्यासाठी वेगळी करावी लागते.

दुसरं उदाहरण आपल्या मशिदीतलं. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत अबू बकर (रजि.) यांनी हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्यावर कुरआन एकत्र लिहून घेण्याची जबाबदारी सोपवली. हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात त्याच्या प्रती वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या गेल्या. पाठांतर होतं, तरी लेखन केलं. लेखन झालं, तरी एका प्रतीवर थांबले नाहीत. आणि आजही तरावीहमध्ये हाफिजसाहेब एक शब्द चुकले की मागच्या रांगेतून दुसरा हाफिज लगेच लुक्मा देतो. प्रती अनेक, शिवाय जागच्या जागी तपासणी. हाफिज आणि हॅश एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण मागच्या रांगेत लुक्मा देणारा कुणी असावाच लागतो, ही समज आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. या नीट ऐका, कारण तंत्रज्ञानाच्या जाहिरातीत त्या सांगत नाहीत.

एक. खोटा कागद ब्लॉकचेनवर टाकला तर तो खराच होत नाही, तो कायमचा खोटा राहतो. ठसा सांगतो की फाइल बदलली नाही. फाइलमध्ये लिहिलेलं सत्य आहे की नाही, हे ठसा सांगत नाही. सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत मुदतीचं कर्ज लिहून ठेवायला सांगितलं आहे. तिथे न्यायाने लिहिणारा हवा आणि साक्षीदारही हवेत. नुसतं लिहिणं पुरेसं मानलेलं नाही. मशीन लिहिणाऱ्याचा हात पकडू शकतं, त्याची नियत तपासू शकत नाही.

दोन. खासगी कागद सार्वजनिक साठवणीवर कधीही उघडे टाकू नका. आधार, बँक पासबुक, बहिणींची कागदपत्रं, दवाखान्याचे रिपोर्ट, काहीच नाही. तिथे ज्याला पत्ता मिळेल तो फाइल उघडू शकतो, आणि इतरांनी उतरवून घेतलेली प्रत तुम्हाला पुसता येत नाही. जे कायम टिकतं, ते चूक झाली तरी कायम टिकतं. नुसता आधार क्रमांकाचा हॅशही टाकू नका. बारा आकडी क्रमांकांची सगळी जुळणी कॉम्प्युटर करून पाहू शकतो आणि मूळ क्रमांक शोधू शकतो. ठेवायचंच असेल तर फाइलला आधी कुलूप लावा, म्हणजे एन्क्रिप्ट करा. आणि कुलपाची किल्ली हरवली तर फाइल गेली, हेही लक्षात ठेवा. तिथे 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारं बटण नसतं.

तीन. कचेरीत काय चालतं हे कायदा ठरवतो, कोड नाही. मात्र कायदा या दिशेने सरकला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 पाहा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यातच फाइलचा हॅश लिहायची जागा आहे, आणि तो कुठल्या पद्धतीने काढला हेही विचारलं आहे. एसएचए-256 चं नाव त्यात छापलेलं आहे. म्हणजे हॅश ही आता फक्त इंजिनिअरची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या तरुण वकिलांनी ती शिकून घ्यावी. पण मूळ कागद जपणं सुटलेलं नाही. ते पहिलं कर्तव्य आहे.

चार. कागद सुरक्षित करण्याच्या नावाखाली कुणी तुम्हाला एखादं नाणं विकत घ्यायला सांगत असेल, तर उठून चालू लागा. क्रिप्टो हलाल की नाही हा प्रश्न उलेमांकडे न्या. आज मी जे सांगतोय त्यासाठी एकही नाणं विकत घ्यावं लागत नाही.

आता आपल्या कामाकडे येतो. 6 जून 2025 ला केंद्राचं 'उमीद' पोर्टल सुरू झालं आणि वक्फ मालमत्तांची माहिती भरायला सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या कायद्याबद्दल आपली मतं आहेत, ती मांडायची व्यासपीठं वेगळी आहेत. पण शेवटच्या आठवड्यांतली धावपळ आठवा. मुतवल्ली कपाटं उचकत होते. मुंतखब कुणाकडे, गॅझेटचं पान कुठे, सातबारा कुणाच्या नावावर, भाडेपट्टा कुणी नेला. 1 डिसेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदत वाढवून दिली नाही, अडचण असेल त्याने वक्फ न्यायाधिकरणाकडे जावं, असं सांगितलं. अशा वेळी ज्यांचे कागद तयार होते ते निभावले. वक्फ म्हणजे अमानत. आणि अमानतीचा कागद एका माणसाच्या घरच्या एका कपाटात राहणं ही त्या माणसाची चूक नसेलही, पण ती आपल्या सगळ्यांची कुचराई आहे.

आणि पोर्टलवर कागद चढला म्हणून काम संपलं असंही नाही. पोर्टल हीसुद्धा एकच जागा आहे. तिथे काय चढवलं, त्याची हुबेहूब प्रत आपल्याकडे हवी.

मग काय करायचं? मी मोठी योजना सांगत नाही. या हॉलमधल्या दहा जणांनी करण्यासारखं सांगतो.

पहिलं, यादी. आपल्या मशिदीचे, दर्ग्याचे, कब्रस्तानचे, मदरशाचे कोणते कागद आहेत आणि कुणाकडे आहेत, याची एक वही करा. उर्दू-फारसी कागद वाचणारे बुजुर्ग अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांच्याकडून प्रत्येक कागदात काय आहे ते मराठीत चार ओळी लिहून घ्या. हे काम कुठलंच तंत्रज्ञान करणार नाही, आणि यासाठी वेळ सगळ्यात कमी उरला आहे.

दुसरं, स्कॅन. 300 डीपीआयवर, दोन्ही बाजू, शिक्क्यासकट. जुना कागद लॅमिनेट करू नका, त्याने तो खराब होतो आणि परत सोडवता येत नाही.

तिसरं, ठसा. प्रत्येक फाइलचा एसएचए-256 काढा. विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये सर्टयुटिल नावाची सोय आधीपासून आहे, काही उतरवून घ्यावं लागत नाही. ठशांची यादी छापून काढा, जमातीच्या बैठकीत वाचून इतिवृत्ताला जोडा, पाच जणांच्या सह्या घ्या. ही तुमची पहिली सार्वजनिक वही. पुढे जायचं असेल तर ओपनटाइमस्टॅम्प्स नावाची मोफत सेवा हजारो ठसे एकत्र गुंफून त्यांचा एक ठसा बिटकॉइनच्या साखळीत नोंदवते. फाइल तुमच्याकडेच राहते, साखळीत फक्त तारखेची साक्ष जाते.

चौथं, प्रती. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दूर. एक मशिदीच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक गोदावरीचं पाणी पोहोचणार नाही अशा गावी. सोनपेठच्या जमातीने गंगाखेडची प्रत ठेवावी, गंगाखेडने पालमची, पालमने परभणीची. वर्षातून एकदा ठसे जुळवून पाहावेत. याला इंटरनेटही लागत नाही. हीच विकेंद्रित साठवण आहे, बाकी सगळं तिचं मोठं रूप.

पाचवं, जे मुळातच सार्वजनिक आहे ते सार्वजनिक ठेवा. गॅझेटमध्ये छापलेली वक्फची यादी, मशिदीचा वार्षिक जमाखर्च. हे आयपीएफएसवर टाका आणि पाच गावांतल्या पाच मुला-मुलींनी ते पिन करा. कॉम्प्युटर चालू राहिला पाहिजे, आणि आपल्याकडे लाइट जाते, म्हणून एकावर भिस्त नको, पाच हवेत. जमाखर्चाचा ठसा एकदा जाहीर झाला की मागच्या तारखेने आकडे बदलता येत नाहीत. हिशेब मागणाऱ्यांना भांडावं लागणार नाही, आणि हिशेब देणाऱ्यावर खोटा आळही येणार नाही. दोघांचीही इज्जत राहते.

बहिणींना एक वेगळं सांगतो. निकाहनामा आणि मेहरची नोंद याची एक स्कॅन प्रत तुमच्या स्वतःच्या ताब्यात ठेवा. सासर-माहेरच्या पेटीवर अवलंबून राहू नका. ती फाइल उघडी कुठेही टाकू नका, पण तिची किल्ली तुमच्याच हातात असू द्या.

शेवटी मित्राचं सांगून थांबतो. त्याला त्या वर्षी ओबीसीचा दाखला मिळाला नाही. खुल्या जागेवर फी भरून तो शिकला, त्याच्या अब्बांनी त्यासाठी कर्ज काढलं. दुसऱ्या वर्षी आजोबांच्या भावाचा उतारा दुसऱ्या गावच्या शाळेत सापडला. तिथल्या वृद्ध शिपायाने रजिस्टरं कापडात बांधून उंच फळीवर ठेवली होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्याच एका उताऱ्यावर धाकट्या भावाचा दाखला झाला. तो शिपाई ना इंजिनिअर होता, ना त्याला ब्लॉकचेन माहीत होतं. त्याला एवढंच माहीत होतं की हे आपल्याकडे ठेवायला दिलेलं आहे.

साखळी साक्ष देईल. फाइल साठवायला जगभरची यंत्रं मिळतील. पण कोणता कागद जपायचा हे ओळखणारा, आणि तो जपायची जबाबदारी घेणारा माणूस इथलाच असावा लागेल. आज रात्री घरी गेल्यावर पेटी उघडा. दादीला विचारा, यातला कुठला कागद काय आहे. सुरुवात तिथूनच होते.